डिकीतलं धरण

आमच्या गाडीची डिकी गळते, हे मी पहिल्यांदा म्हणाले तेव्हा आमचे हे अशा नजरेनं माझ्याकडे बघायला लागले, की जणू मी त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता.

"आपल्या गाडीत पाणी? काय बोलती राव!"

ह्यांना पाण्यातलं मी काही सांगावं म्हणजे जास्तच झालं. हे कालव्याच्या खात्यात नोकरीला होते. येडगावच्या धरणाकडून निघालेलं पाणी कुठे झिरपतंय, कुठे पाझरतंय ते सायकलवरून बघत फिरायचं आणि वर कळवायचं, हे त्यांचं रोजचं काम. कोसभर लांबून त्यांना गवताचा हिरवा पट्टा दिसायचा आणि तिथे ओल आहे हे ते पैजेवर सांगायचे. स्वतःच्या गाडीच्या डिकीत भिजलेले फ्रॉक मी पिळून दाखवले, तरी म्हणाले, "तू न्हाऊन आली आसशील आन् वल्या केसांनी गठ्ठा बांधला आसशील."

ही गाडी आम्ही नव्वदीच्या शेवटी मंचरच्या एका डॉक्टरांकडून घेतली. पांढरी, चार दरवाजांची, पाठीमागे चांगली ऐसपैस डिकी असलेली. किल्ली हातात देताना डॉक्टर इतके हसत होते, की मला तेव्हाच संशय यायला हवा होता. पण निमगाव साव्याला, आमच्या दारात, डॉक्टरांची गाडी येऊन उभी राहिली याचाच आम्हाला आनंद फार. आमच्या सासऱ्यांच्या वडिलांपर्यंत घरात मेंढरंच मेंढरं होती. सासऱ्यांनी ती हळूहळू विकून जमिनीत पैसा घातला, आणि ह्यांनी नोकरी धरली. मेंढरामागे पायी हिंडलेल्या घरात चार चाकं आली, म्हणजे काय ते बघणाऱ्याला कळणार नाही. दसऱ्याला गाडीची पूजा झाली. झेंडूची माळ घातली, चाकाखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. आणि मग ह्यांनी पिशवीतून एक पितळेची पाटी काढली. नारायणगावात खास करून आणलेली. पाटीवर ठसठशीत अक्षरं होती: आईची कृपा.

ह्यांनी आत चुलीपाशी जाऊन आईच्या पाया पडून, बाहेर येऊन स्वतःच्या हातानं भोकं पाडून, चार स्क्रूंनी ती पाटी डिकीच्या झाकणावर बसवली. गल्लीतले पुरुष टाळ्या वाजवायचे तेवढे बाकी होते. मग ते सगळे गाडीत दाटीवाटीनं बसले आणि गावाला चक्कर मारून आले. आईच्या कृपेनं आलेल्या गाडीतून हिंडायला आईला काही बोलावलं नव्हतं. आई तेव्हा चुलीपुढे पुरणपोळ्या लाटत होती.

आणि त्यानंतरही आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, कधी त्या गाडीत बसल्या नाहीत. मी लग्नानंतर त्यांना आत्याबाईच म्हणत आले. कुठे जायचं निघालं की हे म्हणायचे, "आई, गुरांकडं कोण बघणार?" दोन म्हशी, एक गाय, चार शेळ्या. आत्याबाई मान हलवायच्या. गाडी निघाली की फाटकात यायच्या, डिकीवरच्या पाटीला हात लावायच्या, तोच हात कपाळाला लावायच्या आणि धूळ बसेपर्यंत उभ्या राहायच्या. मी मागच्या काचेतून बघायचे. मला वाटायचं, बाईला लेकाचं भारी कौतुक आहे.

आता माझं सांगते. मी शिवणकाम करायचे. लहान मुलींचे फ्रॉक, परकर, बाळंतपणाची झबली, आणि शाळा उघडायच्या सुमाराला गणवेश. मंचर, नारायणगाव या बाजारांत तयार कपड्यांच्या हातगाड्या इतक्या, की माझ्या मालाला कोण विचारतो. पण घोडेगावच्या पुढे, डिंभ्याचं धरण ओलांडून वर चढत गेलं की तळेघर लागतं. तिथे पावसाळ्यात एसटी कमी, चालणं फार आणि पाऊस असा, की आमच्याकडच्या माणसानं आयुष्यभर बघितला नसेल तेवढा तिथे एका आठवड्यात बघावा. त्यामुळे बाकीच्या व्यापाऱ्यांना पावसाळा लागला की तळेघरच्या नावानंच ताप यायचा. बाजार मात्र भरायचा, आणि बायकाही यायच्या. एका किराणा दुकानाच्या पडवीत मला जागा मिळाली आणि माझा जम बसला. बाजाराच्या वाराला ह्यांची सुट्टी असायची. ते गाडी चालवायचे आणि तिथे पोचल्यावर चहाच्या टपरीवर देशाची काळजी करायचे.

म्हणाल, डिकी गळते तर गठ्ठा मागच्या सीटवर ठेवावा. ठेवला असता. पण मागची सीट माझी नव्हती. घोडेगावच्या पुढे जो हात करेल त्याच्यासाठी ह्यांची गाडी थांबायची. "या पावणं, बसा." पावणं बसायचे, पावण्यांची बायको बसायची, त्यांची ठिबकणारी छत्री बसायची, कधी टोपलीतली कोंबडीही बसायची. त्या रस्त्याला हात केलेल्या माणसाला कुणी सोडून जात नाही, हे खरंच आहे, आणि चांगलंच आहे. पण त्या चांगुलपणात माझे फ्रॉक कायमचे डिकीत गेले. प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून पाहिले. पिशवीत कपडे घामेजायचे, त्यांना कुबट वास यायचा, आणि पिशवीला कुठेतरी भोक असायचंच. पाण्याला ते बरोब्बर सापडायचं. ह्यांना सापडत नव्हतं तेवढंच.

गळती सिद्ध करायची तर पाऊस हवा, आणि आमच्या निमगावात ढग येतात ते पुढे जायला. त्यामुळे आठवडाभर गाडी दारात कोरडी ठणठणीत. हे डिकी उघडून आत हात फिरवायचे आणि विजयी मुद्रेनं म्हणायचे, "बघ. हाय का कुठं थेंब?" गाडी फक्त माझ्याच रस्त्याला गळायची, म्हणजे दोष गाडीचा नव्हता, रस्त्याचा होता, आणि रस्ता माझा होता.

त्यात ती घोंगडी. डिकीच्या तळाला सासऱ्यांची काळी घोंगडी अंथरलेली असायची. मेंढरं गेली, सासरे गेले, घोंगडी राहिली, म्हणून ह्यांनी ती मानानं गाडीत टाकली होती. घोंगडीचा गुण असा, की कितीही पाणी प्यायली तरी वरून हात लावला तर फारशी ओली वाटत नाही. कचेरीत अशी माणसं असतात. एकदा मी ती घोंगडी उचलली आणि खाली गंजक्या पाण्याचं तळं दिसलं. वासही सुटला. सासऱ्यांचा सगळा कळप भिजून डिकीत उभा आहे, असा.

आता नाही म्हणायची सोय उरली नव्हती. हे मला आणि गाडीला घेऊन नारायणगावच्या मिस्तरीकडे गेले. मिस्तरीनं झाकण उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं आणि डॉक्टर नाडी सोडतात तसा हात सोडला.

"वहिनी, रबर गेलंय. रबर बदललं की विषय संपला."

झाकणाच्या कडेनं फिरणारं काळं रबर बदललं. विषय पुढच्याच बाजाराला पुन्हा सुरू झाला, आणि आधीपेक्षा जोरात. नवीन रबर इतकं जाड, की झाकण नीट बसेना. ते बसावं म्हणून ह्यांनी ते दणादण आपटायला सुरुवात केली. मग मिस्तरी म्हणाला, मागच्या दिव्यांतून येतंय. दिवे काढले, भोवती काहीतरी चिकट भरलं, पुन्हा बसवले. तेव्हापासून डावा दिवा लागेना आणि पाणी थांबेना. मागून येणाऱ्यांना आम्ही कुठे वळतोय ते कळेना, आणि आम्हाला पाणी कुठून वळतंय ते कळेना.

तिसऱ्या खेपेला मिस्तरीला साक्षात्कार झाला.

"भाऊ, पाणी वरनं येतच न्हाई. खालनं येतंय. चाकाचं उडतंय."

डिकीच्या तळाला रबरी बुचं असतात. आत आलेलं पाणी निघून जावं म्हणून ती जागा असते, हे मला नंतर कळलं. मिस्तरीला ते तेव्हा कळायला हवं होतं. त्यानं त्या सगळ्या बुचांवर मनापासून डांबर ओतलं. इतकं, की पुढे गाडीचं काहीही झालं असतं तरी तो तळ शाबूत राहिला असता. आता पाण्याला आत यायची वाट होती तशीच राहिली आणि बाहेर जायची वाट पक्की बंद झाली. धरण बांधतात ते वेगळं काय करतात? कालव्याच्या खात्यातला माणूस शेजारी उभा राहून हे बघत होता आणि "झ्याक काम झालं" म्हणत होता.

पुढच्या बाजाराला डिंभ्याच्या चढावर गाडी वळली, की मागून चुबुक चुबुक आवाज यायचा. मागच्या सीटवरचा पावणा म्हणाला, "दादा, डिकीत मासं धरून नेताय का काय?" हे हसले. मी हसले नाही, कारण गठ्ठ्यात पांढरे शर्ट होते, शाळेचे.

त्या शर्टांवर गंजाचे डाग पडले. तपकिरी, कडेला गडद, मधे फिके. मी बाजारात पोचल्यावर जेवढे दिसले तेवढे बाजूला काढले, पण एक काखेतला डाग माझ्याही नजरेतून सुटला आणि तो शर्ट एका बाईला विकला गेला. ती कुठल्यातरी लांबच्या वाडीवरून पावसात चालत यायची, डोक्यावर प्लास्टिकची खोळ घेऊन, नाचणीचं छोटं पोतं पाठीला मारून. पुढच्या बाजाराला ती शर्ट घेऊन परत आली. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

"बाई, लई घासला. न्हाई जात. दुसरा द्या, पन पंदरा ऑगस्टाच्या आत द्या. डाग असंल तर गुरुजी पोराला झेंड्याच्या टायमाला मागच्या वळीत उभं करत्यात. या वर्साला त्यो पुढं हाय, घोषणा द्यायला."

तिच्या मागे उभ्या असलेल्या आणखी बायका म्हणाल्या, आमच्याही पोरांना हवेत. मी सगळ्यांना हो म्हटलं. झेंडावंदनाच्या आधीचा शेवटचा बाजार तेवढा हातात होता. त्या बाजाराला पांढरे शुभ्र शर्ट पोचले नाहीत, तर त्या पडवीत मला पुन्हा बसायला तोंड नव्हतं, आणि ते पोरगं मागच्या ओळीत जाणार होतं. मला त्या आठवड्यात झोप लागत नव्हती. शिलाईचं मशीन चालवताना मला टाक्याटाक्यावर डाग दिसायचे.

ह्यांनी माझ्या काळजीवर उपाय सुचवला. "पावसाळाभर बंद ठेव ना तू हे. गाडीला झेपत न्हाई."

"गाडीला झेपत नाही, की तुम्हाला गळती सापडत नाही?" मी विचारलं.

माझं बोलणं त्यांना लागलं. बाजाराला दोन दिवस असताना ह्यांनी रजा टाकली, बाह्या सरसावल्या आणि जाहीर केलं, की आता मिस्तरी नको, खात्याच्या पद्धतीनं काम करू. म्हणे पाझर सापडत नसला, की वरच्या अंगाला पाण्यात रंग टाकायचा आणि खाली कुठे रंग दिसतो ते बघायचं. आपण उलटं करू. डिकीत आतून कोरडी पूड लावू, पाणी जिथून शिरेल तिथे पुडीवर रेघ उमटेल. मला मान्य करावं लागलं, की विचार बरा होता. घरात गव्हाचं पीठ होतं, त्याला मी हात लावू दिला नाही. तेव्हा हे देवघरात गेले आणि आत्याबाईंच्या भंडाऱ्याचा डबा घेऊन आले.

आमच्याकडे खंडोबाची तळी भरतात. त्यासाठी हळदीचा भंडारा वर्षभर पुरेल एवढा भरलेला असतो, आणि त्या डब्याला आत्याबाईंशिवाय कुणी हात लावत नाही. आत्याबाई गोठ्यात होत्या. ह्यांनी देवाला मनातल्या मनात काय सांगितलं कोण जाणे, पण अर्धा डबा डिकीत उधळला, आणि झाकणाला आतून हातानं थापून थापून भंडारा लावला. जेजुरीला पायरीवर दिसतो तेवढा पिवळा रंग आमच्या डिकीत झाला.

"आता आत कुणीतरी बसाय पाहिजे, बॅटरी घिऊन," हे म्हणाले. बसणारं माणूस बारीक हवं, असं त्यांनीच ठरवलं, स्वतःच्या पोटाकडे एकदा बघितलं आणि माझ्याकडे वळले. लग्नात सात पावलं चालले तेव्हा डिकीत बसण्याबद्दल भटजी काही बोलले नव्हते. पण शर्ट माझे होते. मी पदर खोचला, आत शिरले, गुडघे हनुवटीला लावले आणि ह्यांनी वरून झाकण आपटलं. नवीन रबराची सवय.

आत अंधार, उकाडा, भंडाऱ्याची धूळ आणि सासऱ्यांच्या मेंढ्यांचा वास. बाहेर ह्यांनी पहिली बादली ओतली.

"दिसलं का काई?"

"नाही."

आणखी बादल्या. आणखी "दिसलं का?" आवाजावरून मला कळत होतं, की बाहेर गल्ली जमायला लागली आहे. कुणीतरी विचारत होतं, वहिनी आत का बसल्यात? हे सांगत होते, शास्त्रीय तपासणी चालली आहे. थोड्या वेळानं हे म्हणाले, "मातीनं भोकं बुजली आसतील. धुऊनच घेतो म्हंजी निघंल." मी आतून काय म्हणतेय ते त्यांना ऐकू गेलं नाही. त्यांनी कपडे धुवायची पावडर बादलीत कालवली आणि फेसाचं पाणी झाकणावर ओतून फडक्यानं खसाखसा घासायला लागले.

तेव्हा माझ्या कपाळावर पहिला थेंब पडला. मग मानेवर. मी बॅटरी वर धरली. पिवळ्या झाकणावर लाल रेघा उमटत होत्या. झरझर, बघता बघता.

हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे पांढऱ्या साडीवर हळद सांडलेल्या प्रत्येक बाईला ठाऊक असतं. ह्यांनी जन्मात कपडा धुतला नसल्यामुळे त्यांना ठाऊक नव्हतं. मी आतून झाकण बडवलं, ह्यांनी ते उघडलं, आणि मी बाहेर आले ती नखशिखांत पिवळी आणि कपाळावरून, मानेवरून, हातांवरून लालभडक ओघळ. गल्ली दोन पावलं मागे सरकली. फडकं ह्यांच्या हातातून खाली पडलं.

नेमक्या त्याच वेळी आत्याबाई गोठ्यातून बाहेर आल्या.

"आगं बया! रगात!" त्या ओरडल्या. त्यांनी हातातली शेणाची पाटी खाली टाकली, धावत आल्या आणि ह्यांच्या पाठीत शेणाच्याच हातानं एक दणका घातला. "काय केलंस रं मुडद्या माज्या सुनंला? आन् डिकीत कोंडली व्हय तिला?"

मीच सांगितलं, की रक्त नाही, भंडारा आहे, साबणानं लाल झालाय. आत्याबाईंनी माझ्या कपाळावर बोट फिरवून नाकाला लावून बघितलं तेव्हा त्यांचा विश्वास बसला. मग भंडाऱ्याच्या डब्यासाठी ह्यांच्या पाठीत दुसरा दणका बसला. त्या दोन दणक्यांचं मला जे समाधान झालं ते मी लपवणार नाही.

मग आम्ही झाकण बघितलं. इतके पावसाळे मिस्तरीला, ह्यांना आणि ह्यांच्या अख्ख्या खात्याला जे दिसलं नव्हतं, ते आता लाल अक्षरांत लिहिल्यासारखं समोर होतं. चार लाल रेघा. चारही झाकणाच्या मधोमध चार ठिकाणी सुरू होत होत्या, आतल्या पत्र्याच्या घडीतून खाली उतरत होत्या आणि कडेला, नेमक्या रबरापाशी ठिबकत होत्या. म्हणून सगळ्यांना रबराचा संशय. आणि रेघा जिथे सुरू होत होत्या, त्या चार ठिकाणी चार स्क्रूंची टोकं होती. मी झाकण मिटवलं. वर पितळेची पाटी चमकत होती. आईची कृपा.

"झालं," मी म्हटलं. "काढा ती पाटी. भोकं बुजवा."

ह्यांनी पाटीवरचा फेस बाहीनं पुसला. मग हळू आवाजात म्हणाले, "पाटी न्हाई निघायची."

मला वाटलं, स्क्रू गंजले आहेत. पण गंज नव्हता. "आईच्या पाया पडून लावली ती. काढली तर तिला काय वाटंल? स्क्रूवर मेण लावतो. न्हाई तर वरनं फडकं बांधू."

"फडकं? तळेघरच्या पावसात?" माझा आवाज चढला. "माझ्या गठ्ठ्यावर दर पावसाळ्यात आईची कृपा टपटपतेय ती पुरे झाली. परवा त्या बायका येतील. ते पोरगं मागं उभं राहील, ते चालेल तुम्हाला?"

"तुला आईचं काय पडलंय!" हेही चिडले.

आम्ही दोघं आईच्या भावनांवरून भांडत होतो आणि आई चार पावलांवर शेणाचे हात घेऊन उभी होती. तिला विचारावं हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

"कंच्या पाटीचं बोलताय?" आत्याबाईंनी विचारलं.

मी पाटीकडे बोट केलं.

"ती व्हय? ती कंपनीची न्हाई का?"

आत्याबाईंना वाचता येत नव्हतं, हे आम्हाला माहीत होतं. पण त्या पाटीला त्या दर वेळी हात लावत होत्या, तेव्हा तिच्यावर काय लिहिलंय हे कुणीतरी सांगितलं असणार, असं मला वाटायचं. ह्यांनाही तसंच वाटत असणार. सांगितलं कुणीच नव्हतं.

"त्यावर 'आईची कृपा' असं लिहिलंय," मी म्हटलं.

"कुनाच्या आईची?"

"तुमची, आत्याबाई."

त्यांनी हात लुगड्याला पुसले. जवळ आल्या आणि अक्षरांवरून बोट फिरवलं, एकेक करून, भाकरीवर पाणी फिरवावं तसं. माझा सगळा राग उतरला. मला त्यांच्यासाठी फार वाईट वाटलं. मला वाटलं, आता त्या रडतील आणि पाटी राहील आणि माझे शर्ट गेले.

त्या रडल्या नाहीत. ह्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "माजी किरपा हाय म्हन्तोस. आन् मी कंदी बसले रं ह्यात?"

हे म्हणाले, "गुरांकडं..." आणि तिथेच थांबले. इतक्या वर्षांत ते वाक्य अर्धवट राहिलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

"काढ," आत्याबाई म्हणाल्या, आणि शेणाची पाटी उचलून गेल्या.

ह्यांनीच पाटी काढली. मिस्तरीला बोलावलं. त्यानं भोकांत पुट्टी भरली, वर रंगाचा हात मारला, डांबर खरवडून तळाची बुचं मोकळी केली आणि जाताना म्हणाला, "वहिनी, मला पयल्यापासनं पाटीचाच डाऊट व्हता." मी त्याला चहासुद्धा विचारला नाही.

बाजाराच्या दिवशी ह्यांनी आईला मान खाली घालूनच सांगितलं, "चल तू बी." गुरांकडे बघायला शेजारीण तयार झाली, म्हणजे ती इतकी वर्षं तयारच होती, फक्त तिला कुणी विचारलं नव्हतं. आत्याबाई लग्नाकार्यातलं लुगडं नेसून पुढच्या सीटवर बसल्या. मी मागे. घोडेगावच्या पुढे हात व्हायला लागले, गाडी थांबायला लागली, आणि डिंभ्याला पोचेपर्यंत माझ्या एका मांडीवर कुणाचं तरी पोर आणि दुसऱ्या मांडीवर कुणाची तरी छत्री होती. पाऊस असा कोसळत होता, की समोरचा वायपर काच पुसून दमत होता. आत्याबाईंनी दाराचा दांडा घट्ट धरला होता आणि काचेला नाक लावलं होतं.

"लई पानी हाय बाबा हिकडं," त्या म्हणाल्या. "यातलं थोडं आपल्याकडं पडलं आस्तं तर काय बिगडलं आस्तं?" बाकी त्या काही बोलल्या नाहीत. चढावर मागून चुबुक आवाज आला नाही. मी सगळा रस्ता कान मागे लावून बसले होते.

तळेघरला पडवीसमोर गाडी लागली. बायका उभ्याच होत्या, प्लास्टिकच्या खोळी घेऊन. झाकण मीच उघडलं. गठ्ठ्याखाली तळवा घातला. कोरडा. कोपऱ्यात घातला. कोरडा. घोंगडी उलटी करून बघितली, तीही कोरडी. ती वाडीवरची बाई पुढे आली, तिनं शर्ट उलगडला, काखा बघितल्या, उलटा केला, कॉलर बघितली. मग नाकाला लावला.

"मेंढीचा वास येतोय," ती म्हणाली.

मी शर्ट परत घ्यायला हात पुढे केला. तेवढ्यात पुढच्या दाराच्या काचेतून आत्याबाईंचं तोंड बाहेर आलं. "आमच्या मेंढरांचा हाय त्यो. वाऱ्याला टाक, जाईल."

बाईनं त्यांच्याकडे बघितलं, शर्टाची घडी घातली आणि खोळीच्या आत, पोटाशी धरला. "जाईल की," ती म्हणाली. "डाग न्हाई ना, बास." संध्याकाळपर्यंत एकही शर्ट उरला नाही. आत्याबाई दिवसभर पडवीत माझ्या शेजारी बसून येणाऱ्या प्रत्येक बाईला तिचं गाव, तिची पोरं आणि तिची जनावरं विचारत होत्या. एवढं बोलताना मी त्यांना घरात कधी ऐकलं नव्हतं.

ह्यांनी मात्र आपलं कर्तव्य एकदाचं पार पडलं असं धरलं होतं. पुढच्या बाजाराला मी गठ्ठा डिकीत टाकून येते, तर आत्याबाई लुगडं बदलून, पिशवी मांडीवर घेऊन, पुढच्या सीटवर आधीच बसलेल्या. हे किल्ली फिरवत अंगणात आले, आईला बघितलं आणि सवयीनं त्यांच्या तोंडून गेलं, "आई, आज गुरांकडं कोण बघणार?"

आत्याबाईंनी मान वळवली नाही.

"ती पाटी हाय ना घरात पडल्याली? लाव ती गोठ्याला. बघंल ती गुरांकडं."

ह्यांनी किल्ली खिशात टाकली. मग मुकाट्यानं घरात गेले, हातोडी आणली, पाटी आणली आणि गोठ्याकडे निघाले. मी मागून ओरडून सांगितलं, की लाकडाच्या खांबाला ठोका, पत्र्याला नको.